फुटाला अर्धा सूत

शिरगाव, रत्नागिरी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

देवदत्त,
सलाम.

गेल्या चौदा वर्षांत मी माझ्या हातांनी जे केलं ते असं. चर्चची बाकं अठरा, सगळी सागवानी; पाठीला कल इतकाच, की म्हाताऱ्या माणसाची पाठ टेकावी पण डुलकी लागू नये. वाचनपीठ एक. भाट्याला एका घराचा जिना, एकवीस पायऱ्या, त्यात एकही खिळा नाही. जयगडच्या बंदरावरच्या एका साहेबाचं जेवणाचं टेबल, बारा माणसांचं. पाळणे सात. देव्हारे चार, फणसाच्या लाकडाचे. ज्यांनी करून घेतले त्यांनी नंतर आपल्या पाहुण्यांना माझ्याकडे पाठवलं. आणि आईची पेटी, जिची पायाकडची बाजू तू धरली होतीस.

कोणाच्या हाताखाली न राहता हे सगळं केलं. सातवीनंतर शाळा सुटली, मिशनच्या शाळेतलं एक मोडकं बाक मागून आणलं, सुटं केलं, पुन्हा जोडलं, तीच माझी शाळा. तुला हे पाठ आहे. तरी लिहिलं. फुशारकी म्हणून नाही. थोडी आहे.

पत्राचं कारण वेगळं. चर्चच्या छपराचे वासे वाळवीने खाल्लेत. मार्चअखेर कौलं उतरवायची आहेत, त्याआधी वेदीमागचा क्रूस खाली घ्यावा लागेल आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, १९ एप्रिलला, परत चढवावा लागेल. तो क्रूस आपण दोघांनी केला. चढवताना दुसरं टोक तू धरावंस, असं मला वाटतं. वजन एकतीस किलो आहे, कोणीही धरू शकेल, तरी लिहितो.

दोन हजार अकराच्या त्या शनिवारबद्दल मला काही म्हणायचं नाही. दोघांचाही आवाज चढला होता. होतं असं भावाभावांत.

तुझी हत्यारांची पिशवी जशीच्या तशी आहे.

माझी तब्येत बरी. फक्त उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकता येत नाहीत. मी मागच्या बाकावर बसून राहतो. नवे पाळकसाहेब म्हणाले, मी भाकरीचं तबक घेऊन मागे येतो. मी नको म्हटलं.

पद्मजाचा तुम्हा तिघांना सलाम.

तुझा भाऊ,
शांतवन


शिरगाव
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

देवदत्त,
सलाम.

उत्तर आलं नाही. पद्मजा बोलली, "फोन करा ना. भावोजींचं पोफळी काय परदेशात आहे?" मी म्हटलं, फोन माणूस मध्येच तोडतो. पत्र निदान खालपर्यंत वाचून मग फाडतो.

मागच्या पत्रात दोन चुका राहिल्या. त्या दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही.

पहिली. दोघांचा आवाज चढला नव्हता. माझा चढला होता. २३ एप्रिल २०११, दुसऱ्या दिवशी ईस्टर. चर्चच्या आवारातल्या जांभ्याच्या ओट्यावर क्रूस आडवा ठेवला होता. कमिटीचे पाच जण होते, फुलं बांधायला आलेल्या बायका होत्या, तुझी सानिका होती, तिच्या कडेवर पाच वर्षांची अवनी. तू काटकोन तपासायला तुझा लोखंडी गुण्या जोडाला लावलास आणि हळू आवाजात बोललास, "दादा, आडवी फळी उजवीकडे उतरतेय."

मी माझा गुण्या लावला. केस जाईल एवढीही फट नव्हती.

तू बोललास, "तुझा गुण्या उलटा करून लाव. जयगडला माळ्यावरून खाली पडला होता ना, तेव्हाच बोललो होतो, तपासून घे."

एवढंच बोललास. यात वाईट काय होतं, ते मी चौदा वर्षं शोधतोय. त्या वेळी मी म्हटलं, हा गुण्या मी केलाय, शिसवाचा दांडा, जुन्या करवतीचं पातं, तीन पितळी खिळे. आणि तू बाजारातला लोखंडाचा तुकडा आणून मला काटकोन शिकवतोस? आणि तुझ्या थोबाडीत मारली. तेहतीस वर्षांच्या माणसाच्या, त्याच्या बायकोसमोर आणि पोरीसमोर. तू पिशवी तिथेच ठेवलीस आणि फाटकातून निघून गेलास. क्रूस त्याच संध्याकाळी चढवला, माझ्या मापाने.

दुसरी चूक. तुझी पिशवी जशीच्या तशी नाही. तिच्यातला लोखंडी गुण्या मी वापरतो. चौदा वर्षं रोज वापरतो. मागच्या पत्रात लिहिलेली बाकं, जिना, टेबल, पाळणे, देव्हारे, आईची पेटी, सगळं तुझ्या गुण्यावर झालंय.

का, तेही लिहितो. ७ जून २०११, दुपारी, पद्मजा बाजारात गेली होती. प्लायच्या तुकड्यावर मी माझ्या गुण्याने रेघ मारली, गुण्या उलटा केला, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एकच रेघ होते. माझ्या दोन रेघा फुटाच्या टोकाला एक सूत लांब गेल्या. उलटा केला की चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या फुटाला अर्धा सूत चुकलेला. इंचाचे आठ सूत, त्यातल्या एकाचं अर्धं. छोट्या कामात एवढं रंध्याखाली निघून जातं. पाच फुटांच्या आडव्या फळीला ते अडीच सूत होतं. तुझ्या डोळ्याला ते दिसलं होतं.

प्लायचा तुकडा मी चुलीत घातला.

त्याच आठवड्यात, चर्चमध्ये कोणी नसताना, शिडी लावली, क्रूसाचे बोल्ट सैल केले आणि अख्खा क्रूस डावीकडे किंचित फिरवून परत आवळला. अर्धी चूक उभ्या फळीत, अर्धी आडव्या फळीत. उभी आठ फुटांत दोन सूत डावीकडे, आडवी पाच फुटांत सव्वा सूत उजवीकडे. अशी वाटून दिली की कोणाच्या डोळ्याला काही कळत नाही. मला कळतं. दर रविवारी मी समोर बघतो आणि उपदेशातला एक शब्द ऐकू येत नाही.

तो गुण्या तेव्हापासून खिळ्याला टांगलाय.

शांतवन


शिरगाव
रविवार, १६ मार्च २०२५

देवदत्त,
सलाम.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. एक लहान, एक मोठी. मोठी लिहायला मला तीन आठवडे लागले.

आधी हे सांगतो की पाळकसाहेब कारखान्यात आले होते. घाटावरचे आहेत, वय एकतीस, आंबा कापून खातात. छपराचं मोजमाप बघायला आले आणि भिंतीवरच्या गुण्याकडे बघत उभे राहिले.

"काका, हा वापरत नाही अन् टाकतही नाही. मग टांगलाय कशाला?"

"आठवण म्हणून."

"कशाची?"

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पद्मजालाही नाही. तुला पत्रात एकदा लिहून झालं होतं म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. शेवटी मी म्हटलं, त्याची भरपाई मी करतोय. अठरा बाकं केली, वाचनपीठ केलं, मजुरीचा एक रुपया घेतला नाही.

ते म्हणाले, "काका, अठरा काय, अठराशे करा. ही भरपाई तुमच्या हातून होणारी नव्हतीच. ती एकदाच झालीये, क्रूसावर, आपल्या सगळ्यांची मिळून. अन् ज्यानं केली तोही आधी सुतारच होता. तुम्ही फक्त कबूल करायचं आणि सोडून द्यायचं."

"सोडू कसं? चूक माझी आहे."

"हां, तेच म्हणतोय मी. तुमच्या कामाला दुसऱ्यानं हात लावलेला तुम्हाला चालत नाही. तुमच्या चुकीलाही चालत नाही. देवानं लावलेलाही नाही."

मला राग आला. मी त्यांना चहा न विचारता घालवलं. पद्मजा आतून ऐकत होती. ती बोलली, "घाटावरचा असला तरी बरोबर बोलला हो तो."

आठ दिवस मी कामाला हात लावला नाही. लहानपणापासून चर्चमध्ये बसतोय, क्षमा हा शब्द दर रविवारी ऐकतोय. मला वाटायचं, ती दुसऱ्यांसाठी आहे. ज्यांना स्वतःचं काम स्वतः निस्तरता येत नाही त्यांच्यासाठी. मी माझं निस्तरीन. चौदा वर्षं निस्तरत होतो, आणि ते एक सूतभरही कमी झालं नव्हतं. ते तिथे खिळ्याला लटकत होतं. मी तिथेच, रंध्याच्या बाकापाशी, गुडघे टेकले आणि म्हटलं, प्रभू, हे मला होत नाही, तू घे. वाक्य एवढंच होतं. मला मोठ्या प्रार्थना येत नाहीत.

यावरून लहान गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. त्या जूनपासून मला कठड्यापाशी जाववत नव्हतं, म्हणून गुडघा सांगत होतो. पद्मजाने किती वर्षं त्याला तेल चोळलं.

आता मोठी. २०१२ साली तू देवरूखला स्वतःचं दुकान टाकलंस. तिथल्या शाळेच्या बाकांचं काम राजाभाऊ देणार होते, साठ बाकं. त्या कामावर तुझं दुकान उभं राहणार होतं. राजाभाऊ मला भर बाजारात भेटले आणि बोलले, "तुमचा धाकटा कसा आहे हो कामाला?" मी म्हटलं, "मन लावतो. पण हाताला काटकोन नाही. चर्चचा क्रूस बघा, जोड त्याने काढलेला."

तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. गुण्या उलटा करून वर्ष झालं होतं.

काम तुला मिळालं नाही. दुकान चार महिन्यांत बंद झालं. तू पोफळीला वीजघरात हेल्पर म्हणून लागलास. का झालं, हे तुला कोणी सांगितलं नसणार. मी सांगतोय.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. येणं न येणं तुझ्याकडे. आलास तर कोणत्या माणसाला भेटतोयस हे तुला ठाऊक असावं, एवढंच.

जाता जाता, पुण्याचे एक स्वरूप नावाचे गृहस्थ आले होते. जयगड रस्त्याला रिसॉर्ट होतंय, त्याची आतली सजावट ते करतात. एका भिंतीवर जुनी हत्यारं लावायची आहेत म्हणे. गुण्यावर त्यांचा डोळा होता. मी विचार करतो म्हटलं. खरं सांगायचं तर मला द्यावासा वाटला. नजरेआड झाला असता.

शांतवन


शिरगाव
मंगळवार, १ एप्रिल २०२५

देवदत्त,
सलाम.

तुझं कार्ड आलं. हल्ली पोस्टकार्ड कोण लिहितं? पोस्टमन बोलला, "मिस्त्री, हे तुमच्या भावाचंच असणार." तुझे शब्द इथे उतरवून काढतो, कारण कार्ड पद्मजाने पवित्र शास्त्रात ठेवलंय आणि मला परत देत नाही.

"दादा, तिन्ही पत्रं मिळाली. राजाभाऊंनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी कोणाला बोललो नाही, सानिकालाही नाही. आईच्या कानावर गेलं असतं. गुण्या टाकू नको. देवदत्त."

मी ते उभ्याने वाचलं आणि मग बसलो.

म्हणजे २०१९ साली तू आईच्या दफनाला आलास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी डोक्याकडून पेटी उचलली, तू पायाकडून. स्मशानभूमीचा चढ आहे, मी दमलो होतो, तू माझ्या चालीने चाललास. मूठभर माती टाकलीस, मूठभर माझ्या हातात दिलीस आणि न बोलता गेलास. मला तेव्हा वाटलं, हा अजून त्या थोबाडीतच अडकलाय. केवढा छोटा समजलो तुला मी.

मी चौदा वर्षं जे लपवत होतो, त्यातली तेरा वर्षं ते तुला ठाऊक होतं. हिशेबी माणसाची यापेक्षा जास्त फजिती होत नाही.

काल क्रूस खाली घेतला. दुसरं टोक पाळकसाहेबांनी धरलं. क्रूस निघाल्यावर मागे भिंतीवर त्याचा पांढरा ठसा उरला. बाकीच्या भिंतीला चौदा वर्षांचा धूर आणि ओल. मी ओळंबा सोडला. ठसा दोन सूत डावीकडे. पाळकसाहेब बोलले, "चुना मारून टाकू?" मी म्हटलं, "झावळ्यांच्या रविवारपर्यंत राहू दे."

त्या रविवारी, १३ तारखेला, मी मंडळीपुढे उभा राहून सांगणार आहे. तू येणार की नाही, ते कार्डात लिहिलं नाहीस. तुझ्या येण्याशी या सांगण्याचा संबंध नाही. मात्र क्रूसाला मी अजून हात लावलेला नाही. तो जोड तुझ्याशिवाय उघडणार नाही. १९ तारखेला सकाळी आठपासून मी चर्चच्या ओट्यावर आहे. दुपारी बारापर्यंत तू आला नाहीस तर तो आहे तसा चढवीन, वाकडा, आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांगीन.

शांतवन


शिरगाव
सोमवार, १४ एप्रिल २०२५

देवदत्त,
सलाम.

काल सांगितलं. माणसं एकशे बारा होती, पाहुणे धरून. झावळ्या घेऊन पोरांची फेरी झाली, गीत झालं, सूचनांची वेळ आली. मी कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे एकही गोष्ट सुटू नये आणि एकही वाढू नये. पुढे उभा राहिलो. मागे भिंतीवर तो ठसा.

वाचलं. गुण्या पडला, मी तपासला नाही, धाकट्या भावाने सांगितलं, मी त्याला याच आवारात मारलं, नंतर मला कळलं, मी क्रूस फिरवून चूक वाटून टाकली, आणि राजाभाऊंना खोटं सांगून त्याचं दुकान बुडवलं. जोड मी काढला होता. देवदत्तच्या हाताला काटकोन होता, आहे. एवढं वाचून मी कागदाची घडी केली.

पहिल्या बाकावरून कमळाकाकू, वय ब्याऐंशी, मोठ्याने बोलल्या, "अरे मेल्या शांतवना! तो क्रूस वाकडा दिसतो म्हणून मी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला रे!"

अख्खं चर्च हसलं. मी हसलो नाही. मी तिथे रडलो, हे लिहायला हरकत नाही, पद्मजा तुला सांगेलच.

उपासना झाल्यावर काकूंनी माझा हात धरला. हसत नव्हत्या. "पोराला मारलंस ते मी बघितलं होतं. तेव्हा आम्ही कोणी बोललो नाही. ते आमचं," एवढं बोलल्या आणि गेल्या. काही लोक माझ्याशी न बोलता गेले. काशीराम, कमिटीचा खजिनदार, तुझा शाळेतला मित्र, त्याने सलामसुद्धा घेतला नाही. बरोबर आहे त्याचं.

आज एक गिऱ्हाईक दाराचं काम परत घेऊन गेलं. कालची बातमी शिरगावात पोचली. मला वाटलं होतं तेवढं लागलं नाही. हलकं वाटतं, असं लोक सांगतात. मला तसं काही वाटलं नाही. भिंतीवरून एक वस्तू काढली की तिथे खिळा दिसतो, तसं वाटलं. पण काल उपदेश ऐकू आला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

शनिवार १९. आठ वाजल्यापासून.

शांतवन


शिरगाव
रविवार, १८ मे २०२५

देवदत्त,
सलाम.

त्या शनिवारी जे झालं ते मी लिहून ठेवतोय. माझी आठवण माझ्या बाजूने झुकते, हे आता सिद्ध झालंय. कुठे चुकलं असेल तर दुरुस्त करून कळव.

आठ वाजले. नऊ वाजले. दहाला मी क्रूसावरची धूळ तिसऱ्यांदा पुसली. साडेदहाला पाळकसाहेबांनी चहा आणला, मी घेतला नाही. सव्वाअकराला फाटकाशी रिक्षा थांबली. तू उतरलास, मागून अवनी. मी तिला ओळखलं नाही. एकोणीस वर्षांची पोर, देवरूखला कॉलेजात, आणि चेहरा आईचा.

मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तू बोलू दिलं नाहीस. ओट्याशी आलास, क्रूसाच्या जोडावर अंगठा फिरवलास आणि बोललास, "एसटी संगमेश्वरला बंद पडली. गुण्या कुठाय?"

मी खिळ्यावरचा गुण्या बरोबर आणला होता. तू तो हातात घेतलास, एका सुट्या फळीवर रेघ मारलीस, उलटा केलास, दुसरी मारलीस. दोघे बघत राहिलो. एक सूत. मी म्हटलं, "देवदत्त, माझं चुकलं. गुण्याचं, थोबाडीतलं आणि राजाभाऊंचं. तिन्ही."

त्यावर तू जे बोललास ते मी शब्दशः लिहितो. "दादा, वीजघर डोंगराच्या पोटात आहे. रोज बोगद्यातून खाली उतरायचं. पहिलं वर्ष मी रोज तुला घेऊन खाली उतरायचो. एक दिवस हात मशीनमध्ये जाता जाता वाचला, कारण डोक्यात तू होतास. त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि बोललो, देवा, याला इथेच ठेवतो, तू बघून घे. मग पुढच्या दिवशी परत ठेवला. परत ठेवला. असं पुष्कळ दिवस. मग एकदा लक्षात आलं, हल्ली आपण रिकाम्या हाताने उतरतोय."

मी विचारलं, "मग आला का नाहीस इतकी वर्षं?"

तू बोललास, "तू बोलावलं नाहीस."

मी तुझ्या पिशवीतली पटाशी तुझ्यापुढे धरली.

पुढचं काम पावणेदोन तासांचं. जोड उघडला. तुझ्या लोखंडी गुण्याने नवी रेघ मारली, तू पटाशी चालवलीस, मी धरून उभा राहिलो. खाचेच्या एका बाजूचं लाकूड निघालं, दुसऱ्या बाजूला तेवढी फट पडली. तिच्यात फणसाची पाचर बसवली, निमुळती, जाड बाजूला अर्ध्या सुताहून जरा कमी. अवनी बोलली, "मोठे काका, रंग लावा ना, पाचर दिसतेय." मी म्हटलं, दिसू दे. ती बोलली, "बाबा घरी सांगतात, दादाचा हात सोन्याचा आणि तोंड करवतीचं." तू तिच्यावर डोळे वटारलेस. मी म्हटलं, हात सोन्याचा हे चुकीचं आहे, बाकी बरोबर.

क्रूस चढवला. दुसरं टोक तू धरलंस. ओळंबा सोडला, उभी फळी दोऱ्याला चिकटून. सागवानात फणसाची ती पिवळी रेघ मागच्या बाकावरूनही दिसते. काशीराम तिथे आला होता. तुला मिठी मारली, माझ्याकडे बघून मान हलवली. सलाम अजून नाही. वाट बघीन.

ईस्टरला कठड्यापाशी गेलो. तू डावीकडे होतास. गुडघा टेकताना दुखला नाही. उठताना दुखला. छप्पन्न वर्षांचा आहे, तेवढं खरंच आहे. पद्मजा मागून बोलली, "आता तेल मिळणार नाही."

तू निघताना तुझी पिशवी तुला दिली, लोखंडी गुण्यासकट. ती चौदा वर्षं उशिरा दिली. आणि माझा गुण्या तू मला परत दिलास. आदल्या दिवशी माझ्या बाकावर बसून तू त्याचे पितळी खिळे काढलेस, पातं कानशीने घासलंस, परत बसवलंस, चारदा उलटा करून बघितलास. तीन खिळे माझे, एक नवा तुझा. दोन रेघांची एकच रेघ. मी म्हटलं, "याला आता माझा म्हणायचं की तुझा?" तू बोललास, "लाकूड कुठे विचारतंय?"

गेल्या महिन्याभरात त्यावर झालेलं काम: चर्चच्या छपराचे राहिलेले वासे बावीस, एका पाळण्याची चौकट, आणि परत आलेलं एक दार. ते गिऱ्हाईक स्वतः आलं. बोललं, "ज्याने एवढं भर सभेत सांगितलं तो मापात फसवणार नाही." हे कारण मला पटलेलं नाही, पण काम घेतलं.

सध्या मी सगळीकडे गुण्या उलटा करून बघतो. पद्मजाला त्याचा कंटाळा आलाय.

गणपतीच्या सुट्टीत सानिकाला घेऊन या. या वेळी मी बोलावतोय, हे लेखी राहू दे.

तुझा भाऊ,
शांतवन

ता. क. पुण्याचे स्वरूप काल परत आले होते. भिंतीवर फक्त खिळा बघून निराश झाले. मी गुण्या बाकावरून उचलून दाखवला. तीन जुने खिळे आणि एक नवा बघून त्यांना तो जास्तच आवडला. म्हणाले, काचेच्या पेटीत मध्यभागी लावू, खाली तुमचं नाव घालू, पंचवीस हजार देतो. मी नकाराची मान हलवली तसे ते वाढत गेले. मी त्यांना सांगितलं, मिळायचा नाही, तो वापरात आहे. शेवटी पस्तीस हजार देत होते.